अळी शिकली नाही, निवडली गेली

(मुकुटबन येथे कापूस वेचणाऱ्या बायांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बीटी नवीन आली तेव्हा अळी मरत होती. आता अळी हुशार झाली." मला आज या एका वाक्यावरच बोलायचं आहे. अळी हुशार झालेली नाही. एकाही अळीने आपल्या जन्मात बीटी पचवायला शिकलेलं नाही. मग झालं काय, हे आपण समजून घ्यायला हवं. कारण अळीचा हिशेब शेवटी आपल्याच मजुरीत निघतो. बोंड आतून पोखरलं की नीट फुटत नाही, कवडी होते. कवडी ओढून काढायला वेळ जास्त आणि मजुरी मात्र किलोवर. ऊन तेवढंच खायचं, पण संध्याकाळी काट्यावर वजन भरत नाही.

एकाच आईची चार लेकरं सारखी नसतात. तसंच पतंगांचं, अळ्यांचंही. प्रत्येक जीव आपल्या गुणांची जनुकं घेऊन येतो; एक प्रत आईकडून, एक बापाकडून. पिढीमागून पिढी या प्रतींची नक्कल होत जाते. हाताने पोथी उतरवताना एखादं अक्षर चुकावं तशी नकलेतही कधीतरी चूक होते. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काहींनी नुकसान होतं. ही चूक गरज ओळखून होत नाही, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा. बीटी यायच्या आधीही अशा चुका होतच होत्या.

बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं. आपल्या देशात २००२ साली तिला परवानगी मिळाली. अळीने बोंड खाल्लं की त्यातलं विषारी प्रथिन तिच्या आतड्यात एका ठरावीक जागी बसतं, कुलपात किल्ली बसावी तसं. आतड्याला भोकं पडतात, अळी मरते. पण लाखोंत एखादीचं कुलूपच जन्मतः बिघडलेलं असेल तर? किल्ली लागत नाही. भारतातल्या गुलाबी बोंडअळीत शास्त्रज्ञांना असं बिघडलेलं जनुक सापडलं, तेही एका नव्हे, अनेक तऱ्हांनी बिघडलेलं. आधी त्या बिघाडाचा अळीला काही फायदा नव्हता. शेतोशेत बीटी लागली, बाकीच्या मेल्या, या उरल्या आणि पुढची पिलावळ यांचीच झाली. साधारण महिन्याला एक पिढी धरा, हंगामात चार-पाच होतात.

तुमच्यापैकी अनेकींच्या घरी सिकलसेलची तपासणी झाली असेल. तिथेही दोन प्रतींचाच हिशेब आहे. एक प्रत बदललेली असेल तर माणूस वाहक, दोन्ही बदललेल्या असतील तर आजार. म्हणजे आजारी लेकराला बदललेली प्रत आई आणि बाप दोघांकडून आलेली असते. तरी घरात बोल कोणाला लागतो, ते तुम्हाला सांगायला नको.

बोंडअळीचंही तसंच. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच ती बीटीवर तगते. एकच बिघडलेली असेल तर बहुधा मरते. म्हणून तर बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी मिळायची. ती धुऱ्याच्या कडेने लावायची. त्या साध्या पऱ्हाटीवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी जुळावेत आणि पिल्लांना एकच बिघडलेली प्रत मिळून ती बीटीवर मरावीत, असा तो बेत. थोडं पीक अळीला सोडायचं, बाकीचं राखायचं.

ती पुडी किती शेतांत लागली? टोबणी आपण केली, पण कृषी केंद्रातून पाकीट आणायला आपण गेलो नव्हतो. सातबारावर आपलं नाव नाही, त्यामुळे ती पुडी कशासाठी आहे हे आपल्याला कोणी सांगितलंही नाही. कैक ठिकाणी ती बांधावरच फेकली गेली. नुसता शेतकऱ्याला दोष देऊन मात्र चालणार नाही. दोन-चार एकरवाल्याने अळीसाठी पीक सोडायचं, तर त्याची भरपाई कोणी देऊ केली होती? अमेरिकन बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते, तिला आसरा आपोआप मिळतो. गुलाबी अळी जवळपास कपाशीवरच जगते. पुडी लागली नाही की तिच्या साध्या जातभाईंना जागाच उरत नाही.

पुढचं झपाट्याने झालं. दोन जनुकांची बीटी २००६ मध्ये आली. २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी अळी सापडली होती, आणि २०१५ च्या सुमारास दोन्ही जनुकं निकामी ठरू लागली. २०१७ साली विदर्भात बोंडंच्या बोंडं किडली. त्याच पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने सुमारे वीस माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. फवारणी काही एकट्या गुलाबी अळीसाठी नव्हती. पण बीटीमुळे फवारे कमी होतील असं सांगितलं गेलं होतं, ते कुठे गेलं? आणि फवारणीचं पाणी वाहणाऱ्या, ते कपडे धुणाऱ्या बाईच्या अंगात किती विष गेलं, हे कोण विचारतं?

हे असंच व्हायला हवं होतं असं नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी साधी कपाशी नेमाने लावली, पुढे वांझ केलेले पतंग सोडले. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने गुलाबी अळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकराच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं मिसळून पेरलं. त्यात साधी झाडं आपसूक आली आणि दाद न देणाऱ्या अळ्यांचं प्रमाण पुन्हा खाली आलं. म्हणजे जे प्रमाण वाढतं, ते उतरवताही येतं. आपल्याकडेही आता बरेचदा साधं बी त्याच पाकिटात मिसळलेलं असतं.

आता अवघड गोष्ट. कृषी खातं सांगतं, फरदड ठेवू नका, डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटा, म्हणजे अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला उरणार नाही. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे. पण फरदडीची वेचणी म्हणजे भूमिहीन बाईची फेब्रुवारी-मार्चची चूल आहे. मघाशी तुमच्यातल्याच एकीने विचारलं, "उलंगवाडी लवकर झाली तर आम्ही खायचं काय?" या प्रश्नाचं उत्तर अळीच्या शास्त्रात नाही, ते ग्रामसभेत मागावं लागेल. पऱ्हाटी जानेवारीत निघणार असेल, तर गावात रोजगाराची कामंही जानेवारीतच सुरू व्हावीत, आणि कवडीची वेचणी किलोवर नको, रोजावर द्यावी. हे दोन ठराव लिहून आणले आहेत. वाचून दाखवते, चुकलं तर दुरुस्त करा, मग सह्या-अंगठे घेऊ.