पुलावरचे कवेलू



पत्रिकेत माझा विषय ‘डोंगराळ मुलखातले छपराचे पूल’ असा छापलाय. येताना ऑटोवाल्यानं विचारलंच, ‘साहेब, गोंदियात कुठं आहे असा पूल?’ आहे की. स्टेशनवर. एका फलाटावरून दुसऱ्यावर जाताना डोक्यावर पत्रा असतो, तोच. (हशा) हसा, पण माझं सगळं म्हणणं त्या पत्र्यापाशीच सुरू होतं. तो पत्रा तुमच्या-माझ्यासाठी आहे. डोंगरातल्या लाकडी पुलांवरचं छप्पर माणसांसाठी नव्हतंच. ते पुलासाठी होतं.

स्वित्झर्लंडमधला ल्युसर्नचा पूल तुम्ही कॅलेंडरवर पाहिलाय. चौदाव्या शतकातला, 18 ऑगस्ट 1993 च्या रात्री जळाला, पुढच्या एप्रिलात पुन्हा उभा राहिला. भूतानात पुनाखाच्या पुलावर तर इथल्या निम्म्या लोकांनी फोटो काढले असतील. ते सोडून देतो.

फिलाडेल्फियाचं सांगतो, कारण तिथे भांडणाचा मुद्दाच छप्पर होता. 1805 च्या सुमाराला टिमथी पामर नावाच्या बांधणाऱ्यानं तिथे मोठा लाकडी पूल उभा केला, उघडाच. पूल बांधून घेणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष न्यायाधीश रिचर्ड पीटर्स म्हणाले, वर छप्पर घाला, बाजूंना फळ्या मारा. वाढीव खर्च कशाला, हा प्रश्न तेव्हाही होताच. पण घातलं. लाकडावरून पाणी ओघळून गेलं तर फार बिघडत नाही हो. ते सांध्यात शिरतं, कुसवाच्या खाचेत बसून राहतं. वरून तुळई ठणठणीत दिसते, आत बुरशीनं भुसा झालेला असतो. एकेक सांधा असा गेला की पूल आपल्याच वजनानं बसतो. नाव मात्र पुराचं होतं.

कुणी म्हणेल, छप्पर बर्फासाठी असेल. अहो, न्यू इंग्लंडमधली गावं हिवाळ्यात माणसं लावून बाहेरचा बर्फ फावड्यानं पुलाच्या आत पसरवून घेत! कोरड्या फळ्यांवर बर्फावरच्या गाड्या घसरायच्या कशा? म्हणजे प्रवाशांना छपराची अडचणच होती. तरी ते ठेवलं.

(मागून आवाज : आमच्या नाल्यावरच्या रपट्यावर टाकून द्या एक छप्पर!)

बरोबर बोललात, टाळ्या घ्या. पण रपटा बांधतातच मुळी बुडण्यासाठी. पाणी वरून जावं, काँक्रीट जागेवर राहावं. त्याच्यावर छप्पर घातलं तर पहिल्याच पुरात वाहून येणारी झाडं त्यात अडकतील आणि सगळंच उलथेल. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगा कशी चढली, ते तुम्ही पाहिलंय. रपट्याच्या कठड्यांचा मुद्दा वेगळा आहे, तो शेवटी सांगतो.

चीनच्या फुजियान-झेजियांगमध्ये लाकडी कमानींवर आख्खं घर बांधतात, कौलांसकट. त्या घराचं वजन कमानीला दाबून धरतं, सांधे घट्ट बसतात. सप्टेंबर 2016 च्या वादळात ताइशुन भागातले असे तीन जुने पूल वाहून गेले. गावकऱ्यांनी नदीकाठ धुंडाळून त्यांची लाकडं परत आणली आणि 2017 मध्ये पूल पुन्हा जोडले. जोडणारे सुतार शिल्लक होते म्हणून जमलं. ती विद्या बुडण्याच्या बेतात आहे, असं युनेस्कोनं 2009 मध्येच म्हटलं होतं.

आता आमच्या आजीचं घर. थोडक्यात सांगतो. आमगावकडे, मातीच्या भिंती, वर नळीचे कवेलू. मृगाआधी कवेलू फेरायचे, हा नेम. फेरणारा वर चढायचा तो फाट्याच्या रेषेवर पाय टाकत, मांजरासारखा. आजी खाली काळोख्या खोलीत, हातात बांबूची काडी. भर दुपारी छपरातून जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे ती खालून टोचायची. वर कवेलू हलला की त्याला जागा कळायची. ‘हं, इथंच. आता डावीकडं, हातभर.’ फुटका काढायचा, साजा सरकवायचा. मध्येच एखादा विंचू खाली पडायचा, मग आम्ही पोरं खाटेवर! दुपारभर हे चाले. संध्याकाळी खोली पार काळी झाली की आजी काडी कोपऱ्यात उभी करायची. ती काडी टोकाला झिजून बोटासारखी गुळगुळीत झाली होती. वांदरांनी वर्षभर केलेल्या नासधुशीचा हिशेब तिला तोंडपाठ होता, आणि त्यांना ती ज्या शिव्या द्यायची त्या इथे...

(अध्यक्षांकडून चिठ्ठी)

हो हो, पाहिली. पाच मिनिटं. मी पुलाचं सोडून घराचं बोलतोय, असं अध्यक्षांच्या चेहऱ्यावर आहे. (हशा) मी पुलाचंच बोलतोय! आजी गेली, वाटणीचं भांडण लागलं, फेरायचं कोणी यावर दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. पंचनाम्यात लिहिलं गेलं, ‘अतिवृष्टीने.’ अरे, पन्नास पावसाळे तिनं उभ्यानं काढले होते! मी नोकरीभर पूल तपासले. पडल्यावर सगळे पाण्याची पातळी विचारतात. शेवटचा हात कधी फिरवला होता, हे विचारणारा मला क्वचित भेटला. मग कुणी म्हणतं, काँक्रीटला कुठं छप्पर लागतं? लागत नाही. पण पाणी काढून देणारी भोकं चिखलानं बुजली की तेच पाणी सळईपर्यंत पोचतं, तेच खाचेतल्यासारखं बसून राहतं. ती भोकं मोकळी करायला एक मजूर आणि एक सळई पुरते. आजीची काडीच ती.

अमेरिकेत व्हर्मांटमधला बार्टन्सव्हिलचा पूल 2011 च्या पुरात गेला. तिथल्या लोकांनी पुन्हा छपराचाच बांधला, 2013 मध्ये सुरू केला. त्याची चित्रं आणली होती, पण दुसरी चिठ्ठी आली. राहू द्या.

ते रपट्यावाले गृहस्थ निघाले का? अहो, थांबवा त्यांना. कठडे मृगाआधी काढून ठेवायचे असतात. तुमच्याकडचे काढतात का? आणि काढले तर ठेवतात कुठं? चला, बाहेर चहा घेता घेता सांगा.