नोकरी तिकडे, बिऱ्हाड इकडे



परगावी नोकरी लागल्याचे पत्र आले की घरात आनंद होतो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. रात्री जेवणे आटोपल्यावर मात्र खरा प्रश्न निघतो. जायचे कोणी? कमावत्याने एकट्याने, की बायकामुलांसह बिऱ्हाडच हलवायचे? हा ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न आहे, बाहेरच्याने त्यात बोलू नये, अशी आपल्याकडील रीत आहे. राजकीय कार्यकर्त्यालाही असेच वाटते. नोकरीच्या मागणीसाठी तो मोर्चा काढील. नोकरी लागल्यानंतर त्या कुटुंबाचे काय झाले, हे तो क्वचितच विचारतो. वस्तुतः हा निर्णय घरात बोलला जात असला तरी तो घरात होत नाही. मजुरीचा दर, खोलीचे भाडे, रेशनचे दुकान, मुलांची शाळा आणि बाईचे काम या पाच गोष्टी तो आधीच करून ठेवतात. कुटुंब त्या निर्णयाला फक्त संमती देते. म्हणून या प्रश्नाचा विचार खाजगी अडचण म्हणून न करता अर्थव्यवस्थेचा प्रश्न म्हणून करणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राला याचा अनुभव जुना आहे. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून हजारो पुरुष गिरण्यांत आले. त्यांतील पुष्कळांनी बिऱ्हाड आणले नाही. एका खोलीत अनेक गाववाले राहत, पाळी बदलली की झोपणारेही बदलत. जेवण खानावळीत. ही खानावळ चालविणारी बाई बहुधा गिरणी कामगाराच्याच घरातली असे. अशाच खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. चाकरमान्याची बायको मात्र गावी शेत राखीत, सासूसासऱ्यांचे करीत, मनीऑर्डरची आणि गणपती-शिमग्याची वाट पाहत राहिली.

कामगार बिऱ्हाड का आणीत नव्हता? त्याला गावाची ओढ होती, हे खरे. परंतु नुसत्या ओढीने लाखो माणसे तीन-चार पिढ्या कुटुंबापासून दूर राहत नाहीत. खरे कारण असे की, गिरणीचा पगार एका माणसाच्या पोटाच्या हिशेबाने ठरलेला होता. मुले वाढविण्याचा, आजाऱ्याची शुश्रूषा करण्याचा, म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा खर्च गिरणीमालकाच्या खतावणीत नव्हता. तो गाव उचलीत होते. गाव म्हणजे प्रत्यक्षात त्या घरातली बाई. १९३१ साली अहवाल देणाऱ्या मजूरविषयक शाही आयोगाने, कामगाराचे गावाशी असलेले नाते ही जमेची बाजू आहे, ते तोडण्याऐवजी नियमित करावे, असे मत दिले. त्यात तथ्य नव्हते असे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, तेव्हा त्यांतील कितीतरी जण गावी परतले आणि दीड-दोन एकरांच्या तुकड्याने त्यांना जगविले. पण जे नाते संपात कामगाराला आधार देते, तेच नाते एरवी मालकाला पगार कमी ठेवण्याची सोय करून देते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

कोकण रेल्वेसाठी बॅरिस्टर नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी वर्षानुवर्षे झगडा दिला. १९९८ साली संपूर्ण मार्ग सुरू झाला आणि चाकरमान्याचा प्रवास सुखाचा झाला. ही कामगिरी मोठीच. परंतु रेल्वेने प्रवास सुखाचा होतो. ताटातूट संपत नाही. ती संपण्यासाठी एक तर काम गावाजवळ यावे लागते, नाही तर कुटुंबाला शहरात राहता येईल इतका पगार मिळावा लागतो.

हे तत्त्व या देशाने कधी मान्यच केले नाही, असे मात्र नव्हे. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजाधिष्ठित किमान वेतनाचे निकष ठरविले. एका कमावत्यामागे तीन उपभोग घटक धरावेत, पत्नी व मुले यांची कमाई हिशेबात घेऊ नये, प्रौढ माणसाला २,७०० उष्मांक मिळावेत, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड मिळावे, घरभाडे व इंधन यांची तरतूद असावी, असे ते निकष होते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण इत्यादींसाठी आणखी २५ टक्के धरावेत, असे सांगितले. या निकषांचा अर्थ एवढाच की, वेतन एकट्या माणसाचे नसते, बिऱ्हाडाचे असते. कागदावर मान्य झालेले हे तत्त्व कारखान्याच्या दारात कसे हरवते, ते एका उदाहरणाने पाहता येईल.

समजा, लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात एक कुटुंब आहे. नवरा आयटीआयमधून फिटर झालेला, तालुक्याच्या गॅरेजात ९,००० रुपये मिळवितो. पत्नी गावची आशा स्वयंसेविका आहे. तिला महिन्याला १०,००० मिळतात. तीन एकर कोरडवाहू, घरात म्हातारी आई, एक मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. नवऱ्याला चाकणच्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत २०,००० रुपये हातात पडतील अशी नोकरी मिळते. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या भागातले घालून पाहावेत.

पहिल्या दृष्टीस ११,००० रुपयांची वाढ दिसते. तो एकटा गेला तर खोलीतील वाटा २,०००, मेसचे ३,५००, महिन्याकाठी गावी येण्याजाण्याचे १,५००, असे ७,००० जातात आणि ४,००० उरतात. बिऱ्हाड हलविले तर काय होते? आशा स्वयंसेविका ही त्याच गावची रहिवासी असावी लागते. तिची बदली होत नाही, चाकणला तिला ते काम आपोआप मिळत नाही. म्हणजे १०,००० गेले. खोलीचे भाडे ६,०००. अकरा हजारांच्या वाढीतून सोळा हजार वजा जाता कुटुंब दरमहा ५,००० रुपयांनी मागे पडते. घरची ज्वारी, तूर, शेजारचे दूध यांऐवजी सर्व विकत आणावे लागते, ते वेगळे. खोलीची अनामत रक्कम वेगळी.

म्हणजे 'मी एकटाच जातो, तुम्ही इथेच राहा' हे वाक्य नवऱ्याने उच्चारण्यापूर्वीच बेरीज-वजाबाकीने उच्चारलेले असते. हिशेबात मात्र आणखी तीन गोष्टी आलेल्या नाहीत. बाईवर पडणारा शेताचा, मुलांचा व सासूचा दुहेरी-तिहेरी भार. बापावाचून वाढणारी मुले. आणि कंत्राटदाराने उद्या काम थांबविले तर काय, ही धास्ती. ज्याची नोकरी वर्षभर टिकेल याची शाश्वती नाही, त्याने सातवीतल्या मुलीची शाळा कशाच्या भरवशावर बदलावी? कंत्राटी पद्धतीची चर्चा आपण पगार आणि बोनसपुरती करतो. ती कुटुंब एकत्र ठेवण्याचा अधिकारही हिरावून घेते, हे आपल्या लक्षात येत नाही.

याच्या अगदी उलट चित्र ऊसतोडीत दिसते. गिरणीने बाईला गावी ठेवले. साखर कारखान्याचा फड तिला ओढून नेतो. तेथे मजुरीचा एकक माणूस नसून 'कोयता' आहे, आणि कोयता म्हणजे बहुधा नवराबायकोची जोडी. मुकादमाची उचल जोडीवर मिळते. दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून बिऱ्हाडे बाहेर पडतात, ती गाळप संपेपर्यंत पाचटाच्या कोपीत राहतात. मुले मागे ठेवावीत तर पाहणारे कोणी नाही. बरोबर न्यावीत तर शाळा सुटते. या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ साली राज्य शासनाला समिती नेमावी लागली. कामावर एक दिवसाचा खाडा परवडत नाही म्हणून बाईने शरीराचा अवयव काढून टाकावा, इतकी ही व्यवस्था निर्दय आहे. कुटुंब एकत्र राहिले म्हणजे सारे साधले असे मानणाऱ्यांनी हा फड अवश्य पाहावा. एके ठिकाणी कुटुंब तोडणे भांडवलाला सोयीचे, दुसऱ्या ठिकाणी जोडून नेणे सोयीचे. कुटुंबाच्या सोयीचा विचार दोन्ही ठिकाणी नाही.

२०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि शहरांतील लक्षावधी मजुरांनी गावाची वाट धरली. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेमार्गावर विसावलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशाकडे निघालेले होते. ज्या शहरात माणसाचे बिऱ्हाड नसते, ते शहर संकटाच्या दिवशी त्याचे राहत नाही, हे त्या रुळांवर दिसले.

येथे एक इशारा आवश्यक आहे. या विवेचनातून 'आपला गावच बरा' असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्यांच्या गौरवावर कठोर टीका केली होती. गावकुसाबाहेरच्या माणसाला, विधवेला, भूमिहीनाला शहराने जो मोकळा श्वास दिला, तो विसरता येत नाही. अनेक मुली शिकल्या त्या आईबापांनी धाडसाने बिऱ्हाड हलविले म्हणूनच. जाणे हा पराभव नाही आणि राहणे हे पुण्य नाही. जायचे की राहायचे हे कुटुंबाला खरोखर ठरविता यावे, एवढेच समाजवाद्यांचे म्हणणे असले पाहिजे. संविधानाने देशात कोठेही जाण्याचे व वस्ती करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ते वापरण्याचे साधन नसेल तर त्याला स्वातंत्र्य म्हणण्यात अर्थ नाही.

काही साधने हाताशी आहेत आणि ती लोकांना माहीत नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला आला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. रेशनकार्ड आता देशभर चालते, आणि कुटुंब विभागले असेल तर आपापल्या वाट्याचे धान्य दोन ठिकाणी उचलता येते. जेथे पन्नास वा अधिक कर्मचारी आहेत, तेथे पाळणाघर ठेवण्याची सक्ती २०१७ च्या दुरुस्तीने केली. दुसरीकडे त्रुटीही आहेत. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात विस्थापन भत्ता होता. २०२० साली नव्या श्रमसंहितेत हा कायदा विलीन करताना प्रवासभत्ता राहिला, विस्थापन भत्ता गळाला. औशाहून चाकणला जाणारा तर राज्याची सीमाच ओलांडीत नाही, त्याला तोही लागू नव्हता. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबाने परराज्यात बिऱ्हाड केले तर त्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ठरविले. अशा कुटुंबाने राज्य सोडण्यापूर्वी हे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे.

ते सांगण्याचे काम कार्यकर्त्याचे आहे. त्याने त्या घरी जाऊन सल्ला देण्याची घाई करू नये. आधी प्रश्न विचारावेत. नोकरी लेखी आहे काय? कंत्राटदाराची की कारखान्याची? घरातील कोणाचे काम सुटणार आहे? शाळेचे वर्ष संपेपर्यंत थांबता येईल काय? पहिले सहा महिने एकट्याने जाऊन पाहणे शक्य आहे काय? म्हाताऱ्यांचे कोण पाहील? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या बैठकीत ती बाई कोठे बसली आहे? ती दाराआडून ऐकत असेल, तर तिला पुढे बोलवावे. तिच्या श्रमावर निर्णय उभा राहणार असेल, तर तिच्या शब्दावाचून तो होता कामा नये.

आणि त्या घरातून बाहेर पडल्यावर त्याने चळवळीच्या मागण्यांचा कागद पुन्हा वाचावा. त्यात १९५७ च्या निकषांवर आधारलेले वेतन हवे. औद्योगिक वसाहतीला जमीन देताना कामगारांच्या भाड्याच्या घरांची अट हवी. आशा, अंगणवाडी यांसारख्या कामांत बदलीची तरतूद हवी. ऊसतोडीत कोयत्याऐवजी प्रत्येकाला, म्हणजे बाईलाही, स्वतंत्र मजुरी तिच्या हातात हवी. महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या प्रेरणेने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, तेव्हा न जाण्याचा हक्कही हक्कच आहे, हे या राज्याने देशाला शिकविले. जाणाऱ्यालाही तितकाच भक्कम हक्क मिळवून देणे, हे त्याच कामाचे उरलेले अर्धे अंग आहे.

औशाच्या त्या घरात आजही दिवा जळत असेल. नवरा हिशेबाची वही घेऊन बसला असेल. त्याची वजाबाकी चुकलेली नाही. ती ज्या आकड्यांवर मांडलेली आहे, ते आकडे बदलणे हे राजकारणाचे काम आहे.