वेबपानाच्या खुणा

खिळ्यांच्या छापखान्यात हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाण्यापूर्वी संपादक त्यावर शाईनं खुणा करीत असे. इथं मथळा, इथं नवा परिच्छेद. त्या खुणा छापल्या जात नसत. त्या जुळाऱ्यासाठी असत. एचटीएमएल म्हणजे हेच. इथं जुळाऱ्याच्या जागी ब्राउझर बसला आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली ज्या दीडएक डझन खुणा, म्हणजे टॅग, मांडल्या, त्यांतल्या बऱ्याचशा आजही चालतात.

समजा, मुरूडच्या मुलांना आपल्या गावाचं पान करायचं आहे. नोटपॅडमध्ये मजकूर लिहायचा आणि फाइलच्या नावाअखेर टिंब देऊन एचटीएमएल लिहायचं. ती ब्राउझरमध्ये उघडायला इंटरनेटही लागत नाही. कोनी कंसात रोमन ‘पी’ लिहिला की परिच्छेद सुरू. तसाच कंस, पण पी-आधी तिरकी रेघ, की तो संपला. मोठ्या मथळ्याला ‘एच-वन’. तो बंद करायला विसरलात तर पुढचा सारा मजकूर मथळ्यासारखा ठळक होऊन बसतो, आणि ब्राउझर तक्रार म्हणून करीत नाही. मास्तरांनीच नजर ठेवायला हवी!

आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे ही गावं उत्तरेकडून दक्षिणेकडे सांगायची तर क्रम महत्त्वाचा. म्हणून ‘ओएल’ ही क्रमांकित यादी. नुसती फळांची नावं असतील तर ‘यूएल’ पुरे. प्रत्येक नावाभोवती ‘एलआय’ हवा. आणि ‘टायटल’मध्ये नुसतं मुरूड लिहू नका. जंजिऱ्याजवळचं मुरूड रायगड जिल्ह्यात आहे; शोधणारा तिकडेच पोचायचा! ‘मुरूड, तालुका दापोली’ लिहा. महर्षी कर्व्यांचं मुरूड ते हेच.

आता ज्यासाठी मी मुख्यतः बोलतो आहे ते सांगतो. पानाच्या अगदी पहिल्या ‘एचटीएमएल’ टॅगमध्ये ‘लँग’ म्हणून भाषा सांगायची असते. मराठीसाठी ‘एमआर’ ही रोमन अक्षरं. हिंदीची लिपीही देवनागरीच, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून यंत्राची गल्लत होऊ शकते. खाली ‘मेटा’ टॅगमध्ये ‘यूटीएफ-८’ लिहावं, नाहीतर देवनागरीऐवजी भलतीच चिन्हं उमटण्याचा धोका.

याची गरज कुणाला? दृष्टिहीन माणसाला फोन पान वाचून दाखवतो. भाषा नीट सांगितली असेल तर त्याला मराठीचा आवाज निवडता येतो, आणि मथळ्यांच्या खुणा असतील तर एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर जाता येतं. पण आपण शाळेची सूचना फळ्यावर लिहून तिचा फोटो टाकतो! त्या फोटोत यंत्राला अक्षरं सहजी सापडत नाहीत, मग दृष्टिहीन पालकाला सहलीची तारीख कळायची कशी? सूचना मजकूर म्हणूनच टंकावी. चित्र हवंच असेल तर ‘आयएमजी’ टॅगमध्ये ‘ऑल्ट’ लिहून त्यात काय आहे ते सांगावं. ‘फोटो’ असं नव्हे. ‘हर्णै बंदरातून दिसणारा सुवर्णदुर्ग’ असं.