घरात येणाऱ्या पतंगांची ओळख



चातुर्मास लागला की हिंगोली, वसमत, सेनगाव भागातील घरोघरी दिव्याभोवती पतंग जमतात. शास्त्रात पतंगाची गणना चतुरिंद्रिय जीवांत केलेली आहे. तरीही कपाटातील शालू हाच कुरतडतो, अशा समजुतीने कित्येक ठिकाणी त्याला केरसुणीने झोडपले जाते.

वस्तुतः लोकर व रेशीम खाणारी जात उजेडापासून दूर पळते. ती पिवळट व जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी असते. तिचा प्रौढ पतंग काहीच खात नाही. वस्त्र खाते ती अळी. बोलीत हिला ‘कसर’ म्हणतात, परंतु तेच नाव कागद खाणाऱ्या चंदेरी, बिनपंखी किड्यालाही मिळाल्याने घोटाळा वाढतो.

भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी, राखाडी, चपटी पिशवी चिकटलेली सर्वांनी पाहिली असेल. पुष्कळजण तिला कचरा समजून झाडून टाकतात. ती धूळ व रेशमी धागा यांची, दोन्ही टोकांना उघडी असलेली वस्ती असून आत जिवंत अळी असते. जुनी कोळिष्टके व केस हे तिचे अन्न. भिंती वेळेवर स्वच्छ राहिल्या तर ती तेथे येतच नाही.

स्वयंपाकघरातील करडा पतंग निराळा. तांदूळ, रवा यांत जाळीदार गुठळ्या दिसल्या की त्याच्या अळ्या झाल्या असे समजावे. उष्ण हवेत अंड्यातून अळी साधारण आठवड्याच्या आत बाहेर पडते. पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवसांची मानतात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

दिव्यावर येणारे बहुतेक पतंग मात्र शिवारातले. हरभरा-तुरीवरील घाटेअळीचा पतंग मळकट तपकिरी, कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचा लहान व करडा, तर हळदीचे खोड पोखरणाऱ्या अळीचा पिवळा, पंखांवर काळे ठिपके असलेला. शेतात त्यांच्या अळ्या उपद्रवी खऱ्या. घरात आलेला पतंग कशालाही तोंड लावत नाही. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या मिशा बहुधा धाग्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. एवढे पाहिले तरी ओळख पटते.

दिवा काही वेळ मालवून खिडकी उघडी ठेवली की यांतील बरेचसे आपणहून बाहेर जातात. रेशमी व लोकरी वस्त्रे पावसाळ्यापूर्वी धुऊन, उन्हात चांगली झटकून, घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावीत. घामाचे व अन्नाचे डाग राहिलेल्या वस्त्रावरच कसर अधिक वाढते.