खनिकर्म शिकावें कीं नाहीं?

परीक्षेचे निकाल लागले म्हणजे घरोघरीं एकच खल सुरू होतो: मुलानें पुढें काय शिकावें? यादींत खनिकर्म-अभियांत्रिकीचें नांव आलें कीं, वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात; मित्र मात्र 'जागा मिळते आहे, घेऊन टाक' असें सांगून मोकळे होतात. हे दोन्ही सल्ले अपुरे होत.

ही विद्या हलकी खास नव्हे. धनबादचें खाणविद्यालय १९२६ सालीं निघालें व २०१६ सालीं त्यास आय. आय. टी.चा दर्जा मिळाला. नागपुरासही विश्वेश्वरय्यांच्या नांवानें चालणाऱ्या संस्थेंत हा अभ्यासक्रम आहे. भूगर्भांतील वाटांची मोजणी, छताचा आधार, हवेचें अभिसरण, सुरुंग व पाण्याचा उपसा हे त्यांतील मुख्य विषय.

परंतु केवळ पदवीनें खाण हातीं येत नाहीं. कायद्याप्रमाणें प्रत्येक खाणीस विहित पात्रतेचा व्यवस्थापक लागतो. त्यासाठीं प्रत्यक्ष कामाचा अनुभव व सक्षमतेचें सरकारी प्रमाणपत्र हवें. एवढी कडक अट कां, हें धनबादजवळील चासनाला येथें दिसून आलें. २७ डिसेंबर १९७५ रोजीं जुन्या खोदकामांत सांठलेलें पाणी चालू खाणींत घुसलें आणि साडेतीनशेंहून अधिक कामगार मृत्यु पावले. जुन्या पोकळीपासून किती अंतर राखावें, हा प्रश्न वर्गांत गुणांचा असतो. खाणींत तो प्राणांचा होतो.

कोळशाचे दिवस भरत आले, मग ही विद्या कशाला, असाही आक्षेप घेतला जातो. तथापि विजेच्या तारेस तांबें व पोलादास मँगनीज लागतेंच; आणि जुनी खाण सुरक्षितपणें बंद करणें हेंही याच शास्त्राचें काम आहे. स्त्रियांवरील भूमिगत कामाची बंदी २०१९ सालीं शिथिल झाल्यामुळें हा प्रश्न आतां मुलींच्या घरींही निघूं शकतो.

तेव्हां निर्णय कसा करावा? केवळ वेतनाचा आंकडा पाहून करूं नये, तसाच अंधाराच्या भयानेंही करूं नये. शक्य असल्यास परवानगी काढून एखादी खाण आधीं पाहावी. शहरापासून दूर, कामगारांच्या वस्तीजवळ वर्षानुवर्षें राहणें मानवेल काय, आणि उत्पादनाची घाई चाललेली असतां धोका दिसतांच 'काम थांबवा' असें म्हणण्याचें धैर्य अंगीं येईल काय, हे दोन प्रश्न मुलानें स्वतःस विचारावे. उत्तर होकारार्थी आलें, तर वडिलांनीं आडवें येऊं नये. नकारार्थी आलें, तर मिळालेली जागा सोडण्यांत कमीपणा नाहीं.