लाल रंग न दिसणारी फिल्म



आगाशी, नंदाखाल, बोळिंज या पट्ट्यातल्या कुपारी समाजाच्या थोरल्या बायका सणाला, लग्नकार्याला लाल लुगडं नेसतात. वसई-विरारकडच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर तो लाल रंग लगेच उभा राहिला असेल. हेच लुगडं एका ठरावीक प्रकारच्या फिल्मवर टिपलं, तर फोटोत ते काळं येतं. करडं नाही, चक्क काळं. शेजारणीच्या कपाळावरचं कुंकूही काळं, वाडीतली पिकलेली मिरची काळी, आणि वरचं निळं आकाश मात्र कोरं पांढरं. त्या फिल्मला लाल रंग दिसतच नाही.

अशा फिल्म आजही मिळतात आणि घरच्या न्हाणीघरात धुताही येतात. मी बोळिंजला राहतो, हा उद्योग मनापासून करतो, आणि आपल्या भागातल्या आणखी चार जणांनी तो करावा अशी माझी इच्छा आहे. म्हणून आज हा विषय.

आधी थोडं शास्त्र. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. हे कण मुळात फक्त निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाला दाद देतात. १८७३ साली हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर ते हिरवा प्रकाशही पकडतात. पुढे ही मजल तांबड्यापर्यंत गेली. आज दुकानात मिळणारा नेहमीचा कृष्णधवल रोल सगळे रंग पाहणारा असतो. पण छापखान्यात निगेटिव्ह काढायला वापरत ती लिथो फिल्म आणि दवाखान्यातली जुन्या पद्धतीची एक्स-रे फिल्म, या दोन्हींना तांबडं अजून दिसत नाही. त्यांचं काम त्यावाचून अडत नव्हतं, म्हणून कोणी त्यांना ते शिकवलं नाही.

आपल्याकडे या फिल्मचं एक मोठं घराणं आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि त्यांनी विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि फिल्म धुण्या-छापण्याचं साहित्य खरेदी केलं. कच्ची फिल्म तेव्हा कडेच्या भोकांशिवाय येत असे. दादरच्या घरी ती भोकं अंधारात बसून पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके करत. रसायनं कालवणं, फिल्म धुणं, हेही त्या शिकल्या. त्याच काळात दादासाहेबांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये ३ मे १९१३ रोजी लागला, त्याच्या मागे हे घरातलं काम आहे. भारतीय सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी एक म्हणजे एका मराठी कुटुंबाचं राहतं घर, आणि तिथल्या तंत्रज्ञ सरस्वतीबाई. मला त्यांचं नाव दादासाहेबांच्या इतकंच मोठ्याने घ्यावंसं वाटतं. त्या काळात सिनेमाची नेहमीची फिल्म तांबडा रंग पाहत नसे. म्हणून त्या वेळच्या चित्रपटांत नटांचे ओठ इतके काळे दिसतात, आणि म्हणूनच तांबड्या दिव्याच्या उजेडात ती फिल्म हाताळता येई.

आजच्या नवख्या माणसाला याचाच मोठा आधार आहे. नेहमीचा रोल पूर्ण काळोखात टाकीत भरावा लागतो, हात चाचपडत राहतात. लिथो किंवा एक्स-रे फिल्म मात्र देवघरातल्या लाल झिरोच्या बल्बखाली ताटलीत धुता येते. प्रतिमा कोऱ्या फिल्मवर हळूहळू उमटताना डोळ्यांनी दिसते. मुलांना शिकवायला याहून चांगली सोय नाही. बल्ब खरोखर सुरक्षित आहे का, हे आधी तपासून घ्यावं. फिल्मच्या तुकड्यावर एक नाणं ठेवायचं, पाच मिनिटं बल्बखाली राहू द्यायचं आणि मग तुकडा धुवायचा. नाण्याचा गोल उमटला, तर बल्ब दूर न्यायला हवा किंवा बदलायला हवा.

लिथो फिल्म फार मंद असते. वेग सहा आयएसओ धरून सुरुवात करावी, म्हणजे भर उन्हातही तिपाई लागते. छापखान्याच्या रसायनात ती फक्त काळं आणि पांढरं देते, मधल्या छटा येतच नाहीत. छटा हव्या असतील तर डेव्हलपर, म्हणजे प्रतिमा उमटवणारं रसायन, खूप पातळ करून, डोळ्यांनी पाहत, सावकाश धुवावी. एक्स-रे फिल्मचा थर दोन्ही बाजूंना असतो आणि तो मऊ असतो, नखाचाही ओरखडा उमटतो. ताटलीच्या तळाशी काच ठेवावी आणि एका वेळी एकच पान धुवावं. आणखी एक सांगतो. आजकाल बहुतेक केंद्रांतून एक्स-रेची जी फिल्म हातात मिळते, ती उष्णतेवर छापलेली असते. तिच्यासारखी कोरी फिल्म आणून कॅमेऱ्यात घातली तरी काही उमटणार नाही. घेताना ओली धुवायची, प्रकाशाला दाद देणारी फिल्म मागायची आणि ती हिरवं पाहणारी आहे की नुसतं निळं, हेही विचारायचं.

आता पाण्याकडे वळू, कारण घरच्या धुण्यातला खरा रस तिथे आहे. पुस्तकं सांगतात, डेव्हलपर वीस अंशावर ठेवा. हे थंड देशातलं तापमान आहे. बोळिंजला मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी हाताला चटका देतं. तापमान एका अंशाने वाढलं की धुण्याचा वेळ साधारण दहाव्या हिश्श्याने कमी होतो. वीस अंशाला साडेसात मिनिटं लागणारा रोल तीस अंशाला तीन मिनिटांच्याही आत आटपतो, आणि इतक्या घाईत फिल्म सगळीकडे सारखी धुतली जात नाही. उपाय साधा आहे. डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी घालून तो निम्म्याने पातळ करायचा, म्हणजे वेळ वाढतो. बादलीत बर्फ टाकून त्यात रसायनांच्या बाटल्या उभ्या करायच्या. चोवीस अंशापर्यंत आणलं तरी पुरे. मात्र डेव्हलपर, प्रतिमा पक्की करणारा हायपो आणि धुण्याचं पाणी या तिन्हींचं तापमान जवळपास सारखं हवं. गरमातून एकदम गारात गेलं तर जिलेटिनला सुरकुत्या पडतात.

इथे आपल्या वाड्यांतली विहीर कामाला येते. जमिनीखालचं पाणी बारा महिने जवळपास एकाच तापमानाचं असतं, साधारण सव्वीस-सत्तावीस अंश. सगळी कृती त्याच तापमानावर बसवून घेतली की शेवटची लांबलचक धुलाई विहिरीच्या पाण्याने बिनधास्त करता येते. फक्त किनाऱ्याकडच्या विहिरी आणि बोअर खाऱ्या होत चालल्या आहेत. त्या पाण्यातले क्षार वाळताना निगेटिव्हवर पांढरे ठिपके सोडतात. शेवटची बुचकळणी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात द्यावी, ठिपके पडत नाहीत.

डेव्हलपर घरी करणं अवघड नाही. डी-७६ हे कोडॅकचं सूत्र १९२७ पासून जगभर वापरात आहे आणि ते अगदी उघड आहे. पाऊण लिटर पाणी बावन्न अंशापर्यंत तापवायचं. त्यात २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम बोरॅक्स विरघळवून वर पाणी घालून एक लिटर करायचं. मेटॉलच्या आधी चिमूटभर सल्फाइट टाकावं, बाकीचं नंतर. मेटॉलने काहींच्या कातडीला खाज सुटते, तेव्हा हातमोजे हवेतच, आणि ही भांडी स्वयंपाकघरात पुन्हा जाता कामा नयेत. हायपोचं प्रमाण लिटरला २५० ग्रॅम. फिल्मचा एक तुकडा त्यात टाकून तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते पाहावं आणि रोल त्याच्या दुप्पट वेळ ठेवावा.

ज्यांना मेटॉल नको, त्यांच्यासाठी कॉफी आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा यांत फिल्म धुऊन दाखवली. पुढे त्यात व्हिटॅमिन सीची भर पडली. लिटरभर पाण्यात ५४ ग्रॅम धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम व्हिटॅमिन सी, ४० ग्रॅम स्वस्तातली स्वस्त इन्स्टंट कॉफी, आणि वीस अंशाला पंधरा मिनिटं. सोडा धुण्याचाच हवा, खायचा चालत नाही. वास उग्र येतो, पण निगेटिव्हवर छटा सुरेख उतरतात. ती पक्की करायला हायपो मात्र लागतोच.

वापरलेला हायपो विहिरीजवळ किंवा वाफ्यात ओतू नये, हे मी हात जोडून सांगतो. त्यात फिल्ममधली चांदी उतरलेली असते. ती पाण्यातल्या जीवांना बाधते. कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्याकडे द्यावा. जुन्या एक्स-रे फिल्म विकत घेणारे भंगारवाले या लोकांना ओळखतात.

सिनेमाच्या रंगीत फिल्मचा उल्लेख करायलाच हवा, कारण मुंबई हे तिचं गाव. चित्रीकरणातून उरलेले तुकडे इथले हौशी छायाचित्रकार वर्षानुवर्षं रिकाम्या डब्यांत भरून वापरत आले. या फिल्मच्या पाठीवर कोळशासारखा काळा थर असे. तो थर असलेली फिल्म लॅबच्या यंत्रात गेली की बाकीच्यांचे रोल खराब होतात, म्हणून ती घरी धुणंच बरं. आधी बोरॅक्स किंवा सोड्याच्या पाण्यात भिजवायची, मग टाकी जोरात हलवून पाणी ओतून द्यायचं, काळं पाणी येणं थांबेपर्यंत. आणि आपल्या उकाड्याचा फायदा रंगीत धुण्यात होतो. नेहमीच्या रंगीत रोलची प्रक्रिया ३७.८ अंशांवर चालते. थंड देशातल्या लोकांना त्यासाठी हीटर लावून बसावं लागतं. बोळिंजच्या मे महिन्यात बादलीतल्या पाण्यात एक तांब्या कढत पाणी मिसळलं की काम होतं.

पण माझा खरा जीव आहे तो अवरक्त फिल्मवर, आणि तो आपल्या गावामुळे. ही फिल्म तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पकडते. भिंगावर गडद लाल, जवळजवळ काळा फिल्टर लावायचा, ७२० नॅनोमीटरवाला. झाडाचं जिवंत पान हा प्रकाश शोषत नाही, आतल्या पेशींच्या रचनेमुळे तो परत फेकतं. म्हणून केळ, नारळ, सुपारी, सगळी झाडं फोटोत पांढरीशुभ्र येतात. आकाश काळवंडतं, पाणी काळं होतं, सिमेंट करडं राहतं. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० साली असे फोटो पहिल्यांदा प्रसिद्ध केले. आज उपग्रह शेतातलं पीक कसं आहे हे ओळखतात, तेही याच गुणधर्मावरून.

बोळिंजला उंच इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पायाशी वाड्या अजून तग धरून आहेत. साध्या फोटोत हे दोन्ही एकमेकांत मिसळतं, नजर इमारतीवर जाते. अवरक्त फिल्मवर मात्र उरलेली प्रत्येक वाडी पांढऱ्या पट्ट्यासारखी उठून दिसते, आणि आपली बावखलं, म्हणजे वाड्यांतली तळी, काळ्या आरशासारखी. किती उरली आहेत आणि कुठे कुठे तुटली आहेत, हे त्या निगेटिव्हवर बोट ठेवून दाखवता येतं. बावखलं बुजत चालली आहेत, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कागदावर नोंद असलेलं बावखल आणि फोटोत पाण्यासकट दिसणारं बावखल, यांत फरक आहे. दुसरं नाकारणं कठीण जातं.

म्हणून माझी विनंती आहे. या भागातल्या तरुणांनी, शाळा-कॉलेजांतल्या विज्ञान मंडळांनी हा प्रयोग हाती घ्यावा. जुना कॅमेरा घरात असतोच. कोणाच्या कपाटात बडोद्यात तयार झालेला अॅग्फा क्लिक थ्री पडलेला असेल, त्याला लागणारा रोल अजून मिळतो. सुरुवात लिथोने करा, ती स्वस्त आहे आणि धुताना दिसते. मग अवरक्त. या फिल्मला कडक ऊन लागतं, पावसाळ्याच्या ढगांत पानांचा पांढरेपणा उतरत नाही, तेव्हा ऑक्टोबर ते मे हा हंगाम. सकाळी लवकर जा. खाडीवरचा वारा सुटला की केळीची पानं हलतात आणि सावकाश टिपणाऱ्या फिल्मवर ती पुसट होतात. रोल कॅमेऱ्यात सावलीतच भरा. निगेटिव्ह वाळल्यावर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, नाहीतर आपल्या दमट हवेत एका पावसाळ्यात बुरशी धरते. आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहा: तारीख, वाडीचं किंवा बावखलाचं नाव, फिल्म कोणती, पाणी किती अंशाचं होतं. पुढच्या वर्षी त्याच जागेवर उभं राहून दुसरा फोटो घ्यायचा आहे, त्याला ही नोंद लागेल.