डार्विनचें टपाल

ग्रंथ लिहून संपला म्हणजे ग्रंथकाराचें काम संपलें, अशी आपली सामान्यतः समजूत असते. परंतु ज्यानें एखादें लहानसें पुस्तकहि छापून प्रसिद्ध केलें आहे, त्याला विचारून पाहा. पुस्तक छापखान्यांतून बाहेर पडलें कीं भेटीच्या प्रती बांधावयाच्या, त्यांजबरोबर चार विनयाचे शब्द लिहावयाचे, आणि मग टपालवाल्याच्या पावलांकडे कान लावून बसावयाचें, असा एक निराळाच पर्वकाळ त्याच्या आयुष्यांत सुरू होतो. आज मी आपणांस अशाच एका पर्वकाळाची हकीकत सांगणार आहें. ग्रंथकार चार्ल्स डार्विन. ग्रंथ, जीवजातींच्या उत्पत्तीविषयींचा त्याचा सुप्रसिद्ध ग्रंथ. आणि काळ १८५९ सालचा हिंवाळा व त्यापुढील कांहीं महिने.

या ग्रंथानें केवढी खळबळ उडविली, हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. त्या खळबळीची जी गोष्ट नेहमीं सांगण्यांत येते, ती १८६० च्या जूनमध्यें ऑक्सफर्ड येथें झालेल्या वादाची. एका बाजूस बिशप विल्बरफोर्स, दुसऱ्या बाजूस हक्स्ली आणि हूकर. मौज अशी कीं, त्या सभेस स्वतः डार्विन हजर नव्हताच. तो प्रकृतीच्या कारणानें रिचमंडजवळ जलोपचार घेत होता, आणि सभेचा वृत्तांत त्याला हूकरच्या पत्रांतून वाचावा लागला. डार्विनची रणभूमि सभागृह ही नव्हे, तर त्याचें लिहिण्याचें मेज ही होती. त्याच्या ग्रंथाची, आणि त्याच्या स्वभावाचीहि, खरी कसोटी लागली ती टपालांत.

हें टपाल आज आपणांस वाचावयास मिळतें, हें आपलें भाग्य होय. डार्विनची पत्रें व त्याला आलेलीं पत्रें एकत्र करण्याचें काम १९७४ सालीं सुरू झालें, आणि सुमारें १५,००० पत्रांचे ३० खंड केंब्रिज येथून प्रसिद्ध होऊन २०२३ सालीं तें पुरें झालें. ज्या देशांत १८४० पासून एका पेनीच्या तिकिटावर कोठेंहि पत्र धाडतां येत होतें, त्या देशांत केंटमधील एका खेड्यांत राहणारा हा आजारी गृहस्थ घरबसल्या जगाशीं बोलत असे.

१८५९ च्या नोव्हेंबरांत मात्र तो घरींहि नव्हता. ग्रंथाचीं मुद्रितें तपासून तो इतका थकला होता कीं, विश्रांतीसाठीं यॉर्कशायरमधील इल्कली या ठिकाणीं जाऊन राहिला होता. वय पन्नास. पाय सुजलेला, चेहरा सुजून डोळे मिटत आलेले, अंगावर गळवें. अशा स्थितींत त्यानें ११ नोव्हेंबर रोजीं भेटीच्या प्रतींमागें धाडावयाचीं पत्रें लिहावयास घेतलीं.

तीं पत्रें वाचतांना एक गोष्ट चट्‌कन् ध्यानांत येते. एवढा मोठा सिद्धांत जगापुढें मांडणारा हा मनुष्य अपराध्याच्या स्वरांत बोलतो आहे! हार्वर्डचे प्राध्यापक अगासी यांचें मत आपल्या अगदीं विरुद्ध आहे, हें त्याला ठाऊक होतें. म्हणून तो त्यांस विनवितो कीं, ही प्रत मीं आव्हान म्हणून धाडली आहे असें कृपा करून समजूं नका. ह्यू फाल्कनर हा तर जुना स्नेही. सहारणपूरच्या वनस्पति-उद्यानावर असतांना शिवालिक टेकड्यांतील प्राचीन प्राण्यांचीं हाडें उकरून काढणारा, आणि पुढें कलकत्त्याच्या उद्यानाचाहि प्रमुख झालेला हा शास्त्रज्ञ. त्याला डार्विन थट्टेनें लिहितो कीं, पुस्तक वाचून तूं इतका खवळशील कीं मला जिवंत क्रुसावर चढवावें असें तुला वाटेल. थट्टा खरी, पण तिच्याआड भीति आहे. पंधरा वर्षांपूर्वीं, १८४४ सालीं, जीवजाति अचल नाहींत असें आपलें मत बनत चालल्याचें त्यानें हूकरला प्रथम कळविलें, तेव्हां हें सांगणें म्हणजे जणूं खुनाची कबुली देणें होय, असे उद्गार त्यानें काढले होते. तीच कबुली आतां छापून, बांधणी करून, दुकानांत विक्रीस ठेवावयाची होती.

ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजीं प्रसिद्ध झाला. प्रकाशक लंडनचे जॉन मरे; पहिली आवृत्ति १,२५० प्रतींची. पुस्तकविक्रेत्यांनीं दोन दिवस अगोदरच सर्व प्रती उचलल्या, आणि मरे यांनीं लागलीच दुसऱ्या आवृत्तीची मागणी केली. पुढें जानेवारींत डार्विननें लायेल यास एक बातमी मोठ्या कौतुकानें कळविली आहे: लंडनच्या वॉटर्लू स्टेशनावर कोणी गृहस्थ पुस्तक मागत होता, आणि दुकानदार सांगत होता कीं, नवी आवृत्ति निघेपर्यंत प्रत मिळणार नाहीं, आपण स्वतः तें वाचलेलें नाहीं, पण मोठें विलक्षण पुस्तक आहे असें ऐकतों! ग्रंथकाराचा हा बालिश आनंद कोणाहि लेखकास ओळखीचा वाटेल.

परंतु खप म्हणजे मान्यता नव्हे, हें डार्विन जाणून होता. त्यानें मनाशीं तीन परीक्षक नेमले होते: भूगर्भशास्त्रांत लायेल, वनस्पतिशास्त्रांत हूकर आणि प्राणिशास्त्रांत हक्स्ली. या तिघांस पटलें तर आपण सुटलों, मग इतर कांहींहि म्हणोत, असा त्याचा निश्चय होता. हूकर आधींपासूनच जवळचा होता. २३ नोव्हेंबरला हक्स्लीनें पत्र लिहिलें. ग्रंथाच्या कांहीं भागांसाठीं आपण प्रसंगीं चितेवरहि चढूं, आणि भुंकणाऱ्यांसाठीं आपण नख्या व चोंच पाजळून ठेवीत आहों, असा त्याचा आवेश होता. मात्र त्याच पत्रांत त्यानें एक दोषहि दाखविला: निसर्ग कधींच उडी मारीत नाहीं, हा हट्ट धरून तुम्हीं विनाकारण एक अडचण अंगावर ओढून घेतली आहे. डार्विनचा जीव भांड्यांत पडला. अखेरचे संस्कार होऊन मनुष्यानें शांतचित्तें डोळे मिटावे, तसें आतां आपणांस वाटतें, असें त्यानें उत्तर धाडलें.

लायेलची गोष्ट निराळी. त्यानें मुद्रितें वाचलीं, पदोपदीं सल्ला दिला, खासगी पत्रांतून पुष्कळसें मान्यहि केलें. परंतु उघडपणें शब्द टाकण्यास तो कचरत राहिला. १८६३ सालीं मानवाच्या प्राचीनत्वाविषयींचें त्याचें पुस्तक आलें, तेव्हांहि त्यांतील गुळमुळीत भाषा पाहून डार्विन खट्टू झाला. म्हणजे तीन परीक्षकांपैकीं एकाचा निकाल कित्येक वर्षें राखूनच ठेवलेला होता.

या टपालांतील सर्वांत कठोर पत्र आलें तें ॲडम सेजविक यांचें. सेजविक हे केंब्रिजमध्यें भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आणि धर्मोपदेशकहि. १८३१ च्या ऑगस्टांत याच गुरूंनीं तरुण डार्विनला बरोबर घेऊन वेल्सच्या डोंगरांत खडक कसे वाचावे हें शिकविलें होतें. त्यानंतर चारच महिन्यांनीं शिष्य बीगल जहाजावर चढला. त्याच सेजविकनीं वयाच्या ७४ व्या वर्षीं लिहिलें कीं, तुमचें पुस्तक वाचून मला सुखापेक्षां दुःखच अधिक झालें. कांहीं भाग आवडला. कांहीं वाचून बरगड्या दुखेपर्यंत हंसलों. पण कांहीं भाग केवळ खोटा आणि घातुक वाटला. निसर्ग आणि नीति यांमधील दुवा तुम्हीं तोडूं पाहतां, आणि तो तुटला तर मनुष्यजात पशुत्वास जाईल, अशी त्यांची भीति होती. पत्राच्या शेवटीं मात्र जुना स्नेह तसाच होता.

डार्विननें यावर काय करावें? तो रागावला नाहीं, आणि मागेंहि सरला नाहीं. आपणांस एवढा धक्का दिल्याचें मला दुःख आहे, वीस वर्षांहून अधिक काळ मीं या विषयावर गुलामासारखी मेहनत केली आहे, आणि कोणत्याहि वाईट हेतूनें या निष्कर्षास आलों असें मला वाटत नाहीं, इतकें त्यानें नम्रपणें कळविलें. त्याच उत्तरांत त्यानें आपली मुख्य बाजूहि मांडली आहे: जो सिद्धांत इतक्या निरनिराळ्या प्रकारच्या गोष्टींचा उलगडा करतो, तो मुळांतच खोटा असेल असें मानणें मला कठीण जातें. पुढें मार्चमध्यें सेजविकनीं एका साप्ताहिकांत निनांवी टीका लिहिली. ती कोणाची, हें ओळखण्यास डार्विनला वेळ लागला नाहीं. तरीहि नातें तुटलें नाहीं. १८७० सालीं डार्विन केंब्रिजला गेला, तेव्हां ८५ वर्षांच्या या वृद्ध गुरूंनीं उत्साहानें आपलें संग्रहालय त्याला हिंडून दाखविलें, आणि थकून गेला तो शिष्यच!

धर्मोपदेशक म्हटला कीं तो विरोधीच असावयाचा, असें मात्र नव्हे. कादंबरीकार चार्ल्स किंग्स्ले हेहि धर्मोपदेशक. पण त्यांनीं लिहिलें कीं, स्वतः विकास पावूं शकतील असे मूळ जीव ईश्वरानें निर्मिले, ही कल्पना त्याच्या थोरवीस कमीपणा आणीत नाहीं. डार्विननें त्यांचा हा अभिप्राय नांव न घेतां दुसऱ्या आवृत्तींत घातला. उलट, ज्यांच्या ग्रंथानें विद्यार्थिदशेंत त्याला शास्त्राची गोडी लावली, ते सर जॉन हर्शेल हा सिद्धांत म्हणजे निव्वळ सावळ्यागोंधळाचा नियम आहे असें म्हणाल्याचें त्याच्या कानीं आलें. हा घाव त्याला फार लागला.

निनांवी टीकाकारांपैकीं सर्वांत विषारी म्हणजे शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन. १८६० च्या एप्रिलांत त्याचा लेख वाचून आपली एक रात्र अस्वस्थतेंत गेली, असें डार्विननें लायेलला कळविलें आहे. ओवेन आपला इतका पराकाष्ठेचा द्वेष करतो याचें दुःख होतें, असेंहि तो म्हणतो. म्हणजे हा मनुष्य कोणी स्थितप्रज्ञ नव्हता. मार्चमध्यें त्यानें हूकरला चार रकान्यांचा एक तक्ता करून धाडला. भूगर्भशास्त्रज्ञ, प्राणिशास्त्रज्ञ, शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ, यांपैकीं आपल्या बाजूस कोण कोण आले, त्यांचीं त्यांत नांवें. सारीं मिळून अवघीं पंधरा. आणि त्यांतील कित्येकांपुढें 'कांहीं अंशीं' किंवा 'बऱ्याच अंशीं' असा शेरा. निवडणुकीच्या उमेदवारानें मतें मोजावीं, तशी ही मोजणी होती.

परंतु, श्रोतेहो, केवळ मतें मोजणारा मनुष्य टीकेचा जो उपयोग करीत नाहीं, तो डार्विननें केला. पहिल्या आवृत्तींत त्यानें लिहिलें होतें कीं, अमेरिकेंतील एक अस्वल तोंड वासून तासन्‌तास पोहत पाण्यांतले किडे पकडतांना आढळलें आहे. अशाच अस्वलांपासून कालांतरानें देवमाशासारखा प्राणी निपजणें अशक्य नाहीं. टवाळखोरांस हें आयतेंच सांपडलें. दुसऱ्या आवृत्तींत अस्वल राहिलें, देवमासा गेला. इंग्लंडच्या दक्षिणेकडील वील्ड प्रदेश झिजण्यास सुमारें ३० कोटि वर्षें लागलीं असावींत, असें गणित त्यानें मांडलें होतें. त्यावर आक्षेप आले, तेव्हां दुसऱ्या आवृत्तींत त्यानें आंकडा खालीं आणण्याची सवड ठेवली, आणि १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तींत तें गणितच वगळलें. पॅट्रिक मॅथ्यू नांवाच्या लेखकानें एका बागाइतीच्या पत्रांतून जाहीर केलें कीं, नैसर्गिक निवडीची कल्पना आपण १८३१ सालींच, जहाजांच्या लांकडाविषयींच्या पुस्तकाच्या परिशिष्टांत, मांडली आहे. डार्विननें तो उतारा पाहिला, आणि त्याच पत्रांत छापील उत्तर देऊन मॅथ्यूचा अग्रक्रम मोकळ्या मनानें मान्य केला. तिसऱ्या आवृत्तींत पूर्वसूरींचा इतिहास जोडला गेला, त्यांत मॅथ्यूसहि स्थान मिळालें.

आणि सर्वांत गंभीर संवाद झाला तो अमेरिकेंतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याच्याशीं. ग्रे श्रद्धाळु ख्रिस्ती होता. तरीहि अमेरिकेंत या ग्रंथाची बाजू त्यानेंच उचलून धरली. त्याचे लेख पुस्तिकारूपानें काढण्याच्या खर्चाचा वांटाहि डार्विननें उचलला. परंतु सृष्टींतील फेरफारांमागें ईश्वरी योजना आहे, असें ग्रे म्हणूं लागला, तेव्हां डार्विननें आपल्या या सर्वांत उपयुक्त मित्रासहि खोटा होकार दिला नाहीं. १८६० च्या मे महिन्यांत त्यानें लिहिलें कीं, जिवंत सुरवंटाचें अंग आंतून पोखरून खाणारे कीटक एखाद्या दयाळु परमेश्वरानें हेतुपूर्वक निर्मिले, हें मला पटवून घेतां येत नाहीं. उलट, हें अद्भुत विश्व केवळ आंधळ्या शक्तीचें फळ आहे, यानेंहि माझें समाधान होत नाहीं. हा प्रश्न मनुष्याच्या बुद्धीपलीकडचा आहे, आणि आपण त्यावर तर्क करणें म्हणजे कुत्र्यानें न्यूटनच्या मनाचा ठाव घेण्यासारखें आहे. आपल्या बाजूचा माणूस दुखावेल म्हणून त्यानें शंका लपविली नाहीं, आणि विरुद्ध बाजूचा माणूस खूष होईल म्हणून ती फुगविलीहि नाहीं.

डार्विननें आपल्या आत्मचरित्रांत एक नियम सांगितला आहे. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली कीं ती तो ताबडतोब टिपून ठेवी. कारण अनुकूल गोष्टी आपोआप ध्यानांत राहतात आणि प्रतिकूल तेवढ्या विसरतात, असा त्याचा अनुभव होता. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर हाच नियम त्यानें माणसांनाहि लावला. स्तुतीची पत्रें त्यानें आवडीनें वाचलीं, तक्त्यांत नांवेंहि मांडलीं. पण पुढच्या आवृत्तीचा मजकूर बदलला तो आक्षेपांच्या पत्रांनीं. त्याच्या हयातींत या ग्रंथाच्या सहा आवृत्त्या निघाल्या, आणि प्रत्येकींत या टपालाच्या खुणा आहेत.

आपणहि कधीं लेखक असतों, कधीं शिक्षक, कधीं नुसते घरांतले वडीलधारे. आणि आपल्याहि मतांस कोणी ना कोणी हरकत घेत असतो. तें पत्र फाडून टाकावयाचें, कीं जपून ठेवून पुन्हां एकदां वाचावयाचें, एवढाच निर्णय बहुधा आपल्या हातीं असतो. इल्कलीच्या त्या थंडींत, सुजलेल्या डोळ्यांनीं सेजविकांचें पत्र वाचणाऱ्या माणसानें तें फाडलें नाहीं. म्हणूनच आज तें आपणांस वाचतां येतें.